अभंग वाचावा कसा? : काही काव्यसंज्ञांची ओळख

भाविक वाचकहो, आजचा विषय प्रथम ऐकताना शाळेतला वाटेल. उपमा, रूपक, व्याजस्तुती ही नावे निघाली की पुष्कळांना मास्तरांची छडी आठवते आणि मन म्हणते, आपल्याला काय करायचे हे? आपण नाम घ्यावे, टाळ वाजवावा, वारी चुकवू नये, झाले. पण हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यामुळे घेतला आहे. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे कशासाठी ते ध्यानात येईल.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढीची वारी चालली होती आणि आमच्या दिंडीचा मुक्काम लोणंदला पडला होता. दिंडीत एक वयस्क मावशी असत. आदल्या वर्षी त्यांचा कर्तासवरता मुलगा गेला होता. संध्याकाळी जेवणे झाली की त्या राहुटीबाहेर बसून हलक्या हाताने टाळ धरीत आणि जनाबाईंचा एक अभंग म्हणत. जनाई विठोबाला घरातल्या पोराला रागे भरावे तशी चांगली फैलावर घेते, तोच तो अभंग. मी त्या वेळी तरुण होतो. चार ग्रंथ वाचले होते, दोन-तीन कीर्तने उभी केली होती, आणि तेवढ्यावर मान ताठ झाली होती. मी जाऊन म्हणालो, "मावशी, देवाला असं वेडंवाकडं बोलू नये. दुसरा एखादा चांगला अभंग म्हणा." त्यांनी माझ्याकडे पाहिले, टाळ पिशवीत ठेवले आणि त्या आत गेल्या. त्या वारीत पुन्हा तो अभंग त्यांच्या तोंडून ऐकू आला नाही.

तेव्हा मला वाटले, आपण मर्यादा राखली. खरे पाहता मला अभंग पाठ होता, वाचता येत नव्हता. गाथा पाठ असणे निराळे आणि गाथा वाचता येणे निराळे. कोण बोलतो आहे, कोणाला बोलतो आहे, कोणत्या रीतीने बोलतो आहे, हे न पाहता मी नुसता शब्द धरला आणि एका दुःखी बाईचा आधार काढून घेतला. असे तुमच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हा पाठ.

ही पंडिताई कशाला?

कोणी म्हणेल, संतांनी कुठे अलंकारशास्त्राची परीक्षा दिली होती? खरे आहे. पण म्हणून त्यांच्या बोलण्यात अलंकार नाहीत असे होत नाही. आधी बोलणे असते, नाव मागाहून मिळते. शेतकरी कोणती जमीन काळी, कोणती मुरमाड, कोणती चोपण हे पायाने ओळखतो, पण मुलाला शिकवताना त्याला नावे लागतातच. तसेच हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक एवढेच चार अलंकार सांगितले आहेत. पुढच्या शास्त्रकारांनी ती संख्या शंभराच्या घरात नेली. आपल्याला शंभर नकोत. पाच-सात संज्ञा नीट कळल्या तर हरिपाठापासून ज्ञानेश्वरीपर्यंत वाट सरळ होते.

शब्दाची तीन कामे

सर्वांच्या आधी हे समजून घ्यावे की एकच शब्द तीन प्रकारे काम करतो. शास्त्रात त्याला तीन शब्दशक्ती म्हणतात : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना.

'टाळ आण' म्हटले की टाळच आणायचा. हा सरळ अर्थ, ही अभिधा. 'सगळा गाव वारीला गेला' असे आपण म्हणतो, तेव्हा घरे, विहीर, वेशीवरचा मारुती हे काही आळंदीला निघालेले नसतात. गाव म्हणजे गावची माणसे. सरळ अर्थ जुळेना, म्हणून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घेतला. ही लक्षणा. आणि मुक्कामावर विणेकरी नुसते म्हणतो, 'दिवेलागण झाली.' त्याने उठा म्हटलेले नाही, हरिपाठ म्हटलेले नाही, तरी सगळे हातपाय धुऊन उभे राहतात. न बोललेला अर्थ पोहोचला. ही व्यंजना.

आता यातला महत्त्वाचा नियम ऐका. शास्त्रकार सांगतात की सरळ अर्थ अडला तरच लक्षणेकडे वळावे. त्या अडण्याला ते मुख्यार्थबाध म्हणतात. सरळ अर्थ नीट लागत असताना उगाच गूढ अर्थ शोधत बसणे हाही वाचनाचा दोषच आहे.

हा नियम कोरडा वाटेल, पण त्याचे वजन पाहायचे असेल तर चोखोबांच्या अभंगांपाशी या. देवाच्या दाराबाहेर राहावे लागते, जवळ येऊ देत नाहीत, हे दुःख चोखोबांनी सांगितले आहे. काही प्रवचनांत याचा अर्थ असा लावलेला मी ऐकला आहे की दार म्हणजे अज्ञानाचे दार आणि बाहेर उभा तो जीव. ऐकायला गोड वाटते. पण इथे सरळ अर्थ कुठे अडला आहे? चोखोबांना देवळात खरोखरच जाऊ देत नव्हते. शके १२६० मध्ये, म्हणजे इ.स. १३३८ साली, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेरच आहे. विठ्ठलमंदिर सर्वांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषण करावे लागले, तेव्हा ते दार उघडले. चोखोबांपासून तिथवर सहाशे वर्षे गेली. अशा माणसाच्या दाराचे रूपक करून टाकले की त्यांचे दुःख ऐकण्याचे आपले काम चुकवता येते. तेव्हा संतांनी सरळ सांगितले असेल ते सरळच घ्यावे. अभिधेची लाज बाळगू नये.

उपमा : साम्य किती, ते पाहावे

अलंकारांत पहिला मान उपमेचा. तिची चार अंगे असतात. ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, दोहोंत सारखा असलेला गुण तो साधारण धर्म, आणि 'जसा', 'सारखा', 'परी' असा जोडणारा तो साधर्म्यवाचक शब्द.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली उपमा घ्या. कासव जसे आपले अवयव आवरून घेते, तसा स्थितप्रज्ञ आपली इंद्रिये विषयांपासून आवरतो. इथे स्थितप्रज्ञ उपमेय, कासव उपमान, आवरून घेणे हा साधारण धर्म. इतके कळले की उपमा कळली असे आपल्याला वाटते. पण खरा प्रश्न पुढे आहे : हे साम्य कुठवर न्यायचे? कासव पुष्कळदा भिऊन अंग आत घेते. मग स्थितप्रज्ञही जगाला भिऊन बसलेला असतो की काय? प्रपंचाला घाबरून पळालेला माणूस आणि स्थितप्रज्ञ एकच की काय?

आता माउलींचे कौतुक पाहा. ही उपमा मराठीत आणताना त्यांनी एक गोष्ट जोडली. कासव प्रसन्न असले म्हणजे अवयव पसरते आणि मनात आले की आपणहून आवरते, असे ते सांगतात. म्हणजे आवरणे भीतीचे राहिले नाही, स्वाधीनतेचे झाले. पसरणेही त्याच्या हाती, आवरणेही त्याच्या हाती. गीतेत आवरण्याचाच उल्लेख होता, माउलींनी पसरण्याचीही सोय ठेवली. आपण पांडुरंगाचे प्रापंचिक भक्त, बायकामुलांत राहून वारी करणारे. आपल्यासाठी या जोडीत केवढा दिलासा आहे! उपमेची चार अंगे ठाऊक नसती तर हा फरक डोळ्यांसमोरून निसटून गेला असता.

एकाच उपमेयाला एकापाठोपाठ अनेक उपमाने दिली की तिला मालोपमा म्हणतात. ज्ञानेश्वरी मालोपमांनी भरलेली आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशाला गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९००० ओव्या झाल्या, त्या नुसत्या शब्दविस्ताराने नाही. एक उपमा वस्तूची एकच बाजू दाखवते. तिची दुसरी बाजू लंगडी पडते, म्हणून माउली लगेच दुसरी देतात, मग तिसरी. पारायणात आपण या ओव्या भराभर ओढतो आणि म्हणतो, तेच तेच आहे. तेच तेच नसते हो. प्रत्येक उपमेपाशी थांबून विचारावे, आधीच्या उपमेत काय राहून गेले होते जे इथे आले?

रूपक, भारूड आणि कूट

उपमेत 'यासारखा तो' असे असते. रूपकात मधला 'सारखा' गळून पडतो आणि 'हाच तो' असे होते. पंढरी माहेरासारखी आहे म्हटले तर उपमा, पंढरी हे माहेरच म्हटले तर रूपक.

एका रूपकाचे सगळे अवयव मांडले तर त्याला सांगरूपक म्हणतात. याचे सर्वांत सोपे उदाहरण सेना महाराजांच्या नावावरचा हजामतीचा अभंग. त्यांनी आपली धोपटी उघडली आणि तिच्यातल्या एकेका वस्तूला परमार्थात जागा दिली. आरसा तो विवेकाचा, चिमटा तो वैराग्याचा, पिळायची ती अहंकाराची शेंडी, काढायची ती कामक्रोधांची नखे. सावता महाराजांनी मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई पाहिली, नरहरी सोनारांनी सोनाराची हत्यारे हरिनामाच्या कामाला लावली. या रूपकांतून एक गोष्ट न सांगता सांगितली जाते : आपला धंदा सोडून देव शोधायला जावे लागत नाही. हा अर्थ कुठल्याही एका शब्दात नाही, तो सगळ्या रूपकाच्या व्यंजनेत आहे.

सांगरूपकात दोन्ही नावे दिलेली असतात. आरसा हेही सांगितले, विवेक हेही सांगितले. भारुडात पुष्कळदा एकच नाव दिलेले असते आणि दुसरे श्रोत्याने ओळखायचे असते. नाथमहाराजांच्या एका प्रसिद्ध भारुडात एक सून देवीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरच्या एकेकाची वासलात लावायला सांगते. नवऱ्यालाही सोडत नाही. भारूड रंगले की मांडवात हशा पिकतो, आणि पिकावाच, कारण नाथांनी तो योजलेलाच आहे. पण हसून घरी गेलेल्या माणसाने थोडे थांबून विचारावे की एवढा मोठा साधू सुनेला सासूच्या वाईटावर टपायला शिकवील का? इथे सरळ अर्थ अडला. मुख्यार्थबाध झाला. म्हणून इथे आत जायचे. परंपरेत सासरची ही माणसे म्हणजे जीवाला जखडणारे विकार आणि पाश, असा अर्थ लावतात, आणि तो रास्त आहे. चोखोबांच्या दारापाशी आपण आत शिरलो नाही आणि इथे शिरलो, हे दोन्ही एकाच नियमाने. हा ताळा मनात पक्का करावा.

आत नेणाऱ्या वाटेचा आणखी एक प्रकार म्हणजे कूट. यात अर्थ मुद्दाम झाकलेला असतो, वरून अशक्य गोष्ट सांगितलेली असते. मुक्ताबाईंचा मुंगी आणि सूर्य यांचा अभंग सर्वांना ठाऊक आहे. कूट अभंग ऐकून 'काहीतरीच' म्हणू नये, आणि पहिला सुचला तो अर्थ खरा मानून भांडूही नये. कूट हे गुरुमुखाने, जाणत्यांबरोबर बसून सोडवायचे असते.

कविसंकेत : माउली चुकले काय?

हल्ली शाळा-कॉलेजात शिकलेली मुले वारीत येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यातल्याच एकाने मला विचारले, "बुवा, कासवी नुसत्या नजरेने पिलांना वाढवते असं संत म्हणतात. पण आम्ही कोकणात वेळासला जाऊन पाहून आलो. समुद्रातली कासवी वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि परत पाण्यात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिले आपली आपण बाहेर येतात. आई तिथे नसतेच. मग संत चुकले का?"

मुलाने पाहिले ते खरेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात आणि गावकरी ती घरटी राखतात. पण संतही चुकलेले नाहीत. कासवीची दृष्टी, चांदणे पिणारा चकोर, पावसाच्याच थेंबाची वाट पाहणारा चातक, दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस, ही सगळी आपल्या जुन्या काव्यातली ठरून गेलेली भाषा आहे. तिला कविसंकेत किंवा कविसमय म्हणतात. बाजारात नाण्याची किंमत सर्वांनी मानलेली असते, तशी या प्रतिमांची किंमत कवी आणि श्रोते यांनी मानलेली असते. कासवी म्हटले की स्पर्शावाचून, दुरून पोहोचणारी कृपा. आपले उपास्य विटेवर उभे, आपण शेकडो मैल दूर शेतात, तरी त्याची नजर आपल्यावर आहे, एवढे सांगायला ती प्रतिमा येते. ती प्राणिशास्त्राचा पुरावा म्हणून पुढे करू नये, आणि प्राणिशास्त्राच्या जोरावर ती पुसूही नये. मुलाला मी हे सांगितले, त्याला पटले. दटावले असते तर तो पुढच्या वर्षी आला नसता.

चरण, यमक आणि नाममुद्रा

आता थोडे बाहेरच्या अंगाविषयी. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिहींत साधारणपणे सहा सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात दोन चरण, साधारण आठ आठ अक्षरांचे, आणि यमक शेवटी. जोडाक्षर एकच मोजायचे. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असते, चौथा आखूड आणि मोकळा. तिच्यात अक्षरांची संख्या घट्ट बांधलेली नसते.

हे मोजून काय मिळते? पाठ शुद्ध राहतो. आपले वाङ्मय तोंडातोंडी चालत आले. तोंडातोंडी चालताना शब्द घसरतात. एखाद्या ठिकाणी यमक तुटले, अक्षरे फार वाढली, की समजावे, इथे काहीतरी बदलले असावे, पोथी काढून पाहावी. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठात भर पडत चालली होती म्हणूनच. मात्र यमक जुळावे म्हणून आपल्या पदरचा शब्द घालू नये. शंका आपली, शब्द संतांचा.

जे कडवे किंवा चरण आपण फिरून फिरून म्हणतो ते ध्रुवपद. अभंगाचा मध्य तिथे असतो. बाकीची कडवी त्याभोवती फिरतात. अर्थ लावताना प्रत्येक कडवे ध्रुवपदाशी जोडून पाहावे.

शेवटच्या कडव्यात येते ती नाममुद्रा. 'तुका म्हणे', 'चोखा म्हणे', 'एका जनार्दनी', 'बापरखुमादेवीवरु' या मुद्रा आपल्या ओळखीच्या आहेत. 'एका जनार्दनी' या मुद्रेत तर नाथांनी गुरूचे नाव आपल्या नावाशी कायमचे बांधले. पण नुसत्या मुद्रेवर जाऊन कर्ता ठरवू नये. नामदेवरायांच्या मागाहून, सोळाव्या शतकात, विष्णुदास नामा या नावाचे दुसरे कवी होऊन गेले आणि त्यांच्या काही रचना नामदेवरायांच्या गाथ्यात मिसळल्या. म्हणून मुद्रेबरोबर भाषा आणि काळही पाहावा लागतो.

बोलतो कोण?

मुद्रा कोणाची आणि बोलणारा कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. गौळणीत मुद्रा संताची असते, पण बोलते ती गोपी. विराणीत माउलींसारखा योगी विरहिणी होऊन बोलतो. भारुडात नाथ कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी आंधळा, कधी बहिरा. जोहारात पैठणचा ब्राह्मण महाराच्या तोंडाने बोलतो. याला भूमिका म्हणावे. नाटकातला राजा म्हणजे तो नट राजा नव्हे, हे आपल्याला कळते, पण अभंगात विसरायला होते.

याच्या उलटही आहे. तुकोबा जेव्हा दुष्काळाचे, घरच्या दैन्याचे, मनाच्या तळमळीचे सांगतात, तेव्हा ती घेतलेली भूमिका नाही, तो त्यांचा स्वतःचा जीव आहे. पुष्कळ अभंगांत ते स्वतःला हीन म्हणवून घेतात. ते दैन्य, तो विनय. तो शब्द त्यांनी आपल्यासाठी वापरला आहे, आपण तो त्यांच्यासाठी किंवा शेजाऱ्यासाठी उचलायचा नसतो. कोण बोलतो हे कळले की कोणाला बोलण्याचा अधिकार आहे हेही कळते.

व्याजस्तुती, आणि त्या मावशी

आता मूळ गोष्टीकडे येतो. वरून निंदा आणि आतून स्तुती असली तर तिला व्याजस्तुती म्हणतात. देवाला चोर म्हणावे, कारण त्याने भक्ताचे मन चोरले. भिकारी म्हणावे, कारण जवळचे सगळे भक्तांना देऊन तो रिकामा झाला. ऋणको म्हणावे, कारण भक्ताच्या भावाचे देणे त्याच्याने फिटत नाही. अशी व्याजस्तुती आपल्या संतवाङ्मयात जागोजाग आहे.

ही संज्ञा मला त्या लोणंदच्या मुक्कामानंतर एका वृद्ध अभ्यासकांपाशी शिकायला मिळाली आणि मी चपापलो. म्हणजे जनाईच्या शिव्या ही स्तुतीच की! मी उगाच त्या मावशींना गप्प केले. पुढच्या वारीला त्या आल्या नव्हत्या. तिसऱ्या वर्षी फलटणच्या मुक्कामी भेटल्या. मी पाया पडलो आणि मोठ्या उत्साहाने सांगितले, "मावशी, माझं चुकलं. तो अभंग म्हणायला काही हरकत नाही. वरून राग दिसतो, पण आतून ती देवाची स्तुतीच आहे. शास्त्रात तिला व्याजस्तुती म्हणतात."

मावशी हसल्या. म्हणाल्या, "स्तुती कसली वो म्हाराज? मी खरंच भांडत हुते. पोरगा गेला माझा. परक्याशी कोन भांडतंय? घरच्याशीच भांडतंय मानूस." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही नगं म्हनला, म्हून तोंडानं सोडलं. मनात चालूच हुतं."

मी दुसऱ्यांदा चुकलो होतो. पहिल्यांदा संज्ञा ठाऊक नव्हती म्हणून, आणि दुसऱ्यांदा ठाऊक झाली होती म्हणून. प्रत्येक रागावर स्तुतीचा शिक्का मारणे म्हणजे चोखोबांच्या दाराचे रूपक करण्यासारखेच. चोर, भिकारी, ऋणको म्हणणारे अभंग ही व्याजस्तुती खरी. पण जनाईचा तो राग व्याजाचा नाही. 'व्याज' म्हणजे निमित्त, सोंग. ती सोंग करीत नाही. तो प्रेमकलह आहे. ज्याच्यावर पूर्ण हक्क आहे त्याच्याशीच असे भांडता येते. मावशींनी शास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, पण अभंग कोणत्या नात्याने बोलतो आहे हे त्यांना माझ्याआधी कळले होते.

म्हणून, वाचकहो, संज्ञा शिका, पण अभंगाला विचारून लावा. या महिन्यात एक करून पाहा. रोजच्या म्हणण्यातला एकच अभंग घ्या आणि त्याला पाच प्रश्न विचारा. बोलतो कोण? बोलतो कोणाला? सरळ अर्थ लागतो का, की कुठे अडतो? तुलना केली असेल तर साम्य कुठवर आहे? आणि ध्रुवपदाशी प्रत्येक कडवे कसे जोडले आहे? उत्तरे वहीत लिहा, दिंडीतल्या किंवा भजनी मंडळातल्या दोघा-चौघांना वाचून दाखवा, आणि त्यांत एखादी न शिकलेली म्हातारी असेल तर तिचे म्हणणे आधी ऐका.

त्या रात्री फलटणला हरिपाठ झाल्यावर मावशींनी पिशवीतून टाळ काढले आणि तोच अभंग पहिल्यासारखा मोठ्याने म्हटला. मी मागे बसून धरला.

।। रामकृष्णहरी ।।